थंडीचा जिना

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आमच्या चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम साफ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याची कृती मागितली असती तर एका बैठकीत चार पाने लिहून दिली असती. पण रात्री विचार करता ध्यानात आले की, मंडळाचे एक देणे माझ्या डोक्यावर आहे आणि ते फेडायला स्मरणिकेसारखी दुसरी जागा नाही.

ते देणे असे. दोन वर्षांपूर्वी आपली सहल विजयदुर्गला गेली होती, ती पुष्कळजणींना आठवत असेल. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखवतात. १८६८ साली लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ह्याच कट्ट्यांवर दुर्बिणी मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम वायूचा शोध लावला, असे तिथे आम्हाला सांगण्यात आले. मला ही गोष्ट इतकी आवडली की, पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी उभे राहून ती सर्वांना सांगितली. टाळ्या पडल्या. मीही फुशारून गेले. पण घरी आल्यावर माझ्या दिरांचा मुलगा, जो विज्ञान शाखेला शिकतो, तो म्हणाला, “काकू, साल जुळत नाही.” मग त्याने आणि मी मिळून वाचनालयातली पुस्तके धुंडाळली. मी अडले की तो समजावून सांगे, आणि तो अडला की आम्ही दोघे मिळून पुढचे पुस्तक काढू.

खरी हकीगत अशी निघाली. १८ ऑगस्ट १८६८ चे ते ग्रहण झान्सेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातल्या गुंटूर गावाहून पाहिले. लॉकयरसाहेब त्या वेळी इंग्लंडात होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा प्रकाश यंत्रातून तपासला. त्या प्रकाशात एक पिवळी रेषा होती. पृथ्वीवरच्या कोणत्याही ठाऊक पदार्थाशी ती जुळेना. म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अनोळखी पदार्थाला हेलियम हे नाव पडले. लॉकयर विजयदुर्गला आले हे अगदी खरे, पण ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्झे ह्या शास्त्रज्ञाने १८९५ साली एका खनिजातून हेलियम काढून बाटलीत भरलासुद्धा होता. म्हणजे विजयदुर्गच्या कट्ट्यांचा मान खोटा नाही, फक्त मी सांगितलेले साल आणि शोध चुकीचे होते. ज्या भगिनींनी ते माझ्यावर विश्वासून आपल्या मुलांना सांगितले असेल, त्यांची मी क्षमा मागते. कृपा करून ते दुरुस्त करून घ्यावे.

इथे माझे देणे फिटले. पण हेलियमने माझा पिच्छा सोडला नाही. त्याच्यामागे जाता जाता मी पोचले ती हॉलंडमधल्या लायडेन गावच्या एका प्रयोगशाळेत. पृथ्वीवर कोणी कधी निर्माण केली नव्हती एवढी थंडी तिथे निर्माण झाली होती. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते.

आधी थंडी म्हणजे काय ते आपल्या भाषेत पाहू. आपल्या शीतपेटीच्या वरच्या कप्प्यात, जिथे बर्फ होतो, तिथे शून्याखाली सुमारे १८ अंश थंडी असते. पृथ्वीच्या पाठीवर तापमापकाने नोंदलेली सर्वांत कडक थंडी दक्षिण ध्रुवाकडच्या व्होस्टोक ठाण्यावरची. ती २१ जुलै १९८३ रोजी शून्याखाली ८९.२ अंश भरली. आता उष्णता ही वस्तूच्या सूक्ष्म कणांची हालचाल आहे. हालचाल काढून घेत गेले की वस्तू थंड होत जाते. मग ही थंडी किती वाढवता येईल? तिला अंत आहे. डब्यातले तांदूळ काढत गेले की डबा एकदा रिकामा होतो, आणि रिकाम्या डब्याहून अधिक रिकामा डबा नसतो. तसा उष्णतेचा डबा शून्याखाली २७३.१५ अंशांवर रिकामा होतो. १८४८ साली लॉर्ड केल्व्हिन ह्यांनी ह्या तळापासून मोजायची पद्धत घालून दिली. गंमत अशी की, ह्या तळाच्या जवळजवळ जाता येते, पण तळाला हात कधीच लागत नाही.

आता तिथे जायचे कसे? शास्त्रज्ञांना रस्ता सापडला तो वायूंचा. पाण्याची वाफ थंड झाली की पाणी होते, तसे हवेतल्या वायूंचेही पाणी करता येईल काय, हा प्रश्न होता. लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला मायकेल फॅरडे ह्याने १८२३ साली लंडनमध्ये क्लोरीन वायूचा द्रव केला. पुढे त्याने आणखी कितीतरी वायू द्रव केले. पण प्राणवायू, नत्रवायू, हायड्रोजन असे सहा वायू काही केल्या वठणीवर येईनात. लोकांनी त्यांना ‘कायमचे वायू’ असे नाव देऊन टाकले.

१८७७ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये काय्यते आणि जिनेव्हात पिक्ते ह्या दोघांनी एकमेकांना नकळत प्राणवायूचे बारीक तुषार करून दाखवले. त्यांतली काय्यतेची युक्ती आपल्याला ओळखीची आहे. सायकलच्या चाकातली हवा एकदम सोडली की बोटाला गार लागते. दाबून ठेवलेला वायू मोकळा होताना स्वतः थंड होतो. काय्यतेने हेच मोठ्या दाबाने केले. पण ते तुषार क्षणात नाहीसे होत. भांड्यात स्थिर राहणारा द्रव प्राणवायू मिळाला तो १८८३ साली पोलंडातल्या क्राकोव्ह शहरी, व्रोब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की ह्या दोघांना. प्राणवायू शून्याखाली १८३ अंशांवर द्रव होतो. एवढे मोठे काम जोडीने केले, पण काही महिन्यांतच दोघांचे बिनसले आणि ते वेगवेगळे काम करू लागले. १८८८ साली रात्री उशिरापर्यंत काम करताना व्रोब्लेव्हस्कीच्या टेबलावरचा रॉकेलचा दिवा कलंडला आणि तो भाजून मरण पावला. ज्याने एवढी थंडी निर्माण केली, त्याचा अंत आगीने व्हावा, ह्याला काय म्हणावे!

आता उरले हायड्रोजन आणि हेलियम. हायड्रोजनच्या मागे लागले ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधले सर जेम्स ड्यूअर. ह्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी ह्यांची एक वस्तू आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. द्रव वायू साध्या भांड्यात टिकेना, म्हणून १८९२ साली त्यांनी काचेच्या दोन भिंतींचे भांडे केले आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. आतली थंडी आत राहिली. पुढे जर्मनीतल्या कारागिरांनी त्याच भांड्यात गरम पेय गरम ठेवले आणि १९०४ साली त्याला नाव दिले थर्मास! ड्यूअरसाहेबांनी आपल्या हक्काची सरकारी नोंद केली नव्हती, म्हणून त्यांना त्यातला एक पैसाही मिळाला नाही. आजाऱ्यासाठी पेज घेऊन जाताना आपण जो थर्मास काखोटीला मारतो, तो ह्या थंडीच्या शर्यतीत जन्मला आहे.

१० मे १८९८ रोजी ड्यूअर ह्यांनी हायड्रोजनचा द्रव केला. लॉकयरसाहेब विजयदुर्गला येऊन गेल्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. हायड्रोजन शून्याखाली २५३ अंशांवर द्रव होतो. जगातला सर्वांत थंड पदार्थ त्या दिवशी ड्यूअर ह्यांच्या हातात होता. पुढची पायरी हेलियमची. ड्यूअर ती चढणार ह्याविषयी कोणाला शंका नव्हती.

पण तसे झाले नाही. ड्यूअर अतिशय कर्तबगार आणि धाडसी गृहस्थ. लहानपणी बर्फाखालच्या पाण्यात पडून दीर्घ दुखणे सोसलेले, त्या दुखण्यात हात वळावेत म्हणून व्हायोलिन बनवायला शिकलेले. परंतु स्वभाव तापट. आपली युक्ती ते दुसऱ्याला दाखवत नसत. लेनॉक्स आणि हीथ हे त्यांचे दोन मदतनीस. प्रयोगशाळेतल्या स्फोटांत ह्या दोघांनीही एकेक डोळा गमावला. ह्याउलट हेलियमचा साठा आणि त्याची खरी माहिती होती रॅम्झे ह्यांच्याकडे. ते लंडनमध्येच, काही मैलांच्या आत काम करत होते. पण ड्यूअर आणि रॅम्झे ह्यांचे हाडवैर होते. शेजारच्या घरात विरजण असताना भांडणापायी दूध नासू द्यावे, असाच हा प्रकार झाला.

त्याच वेळी लायडेनला हायके कामरलिंग-ओनेस हे प्राध्यापक काम करत होते. त्यांचा जन्म १८५३ चा. १८८२ साली ते लायडेनला आले. ‘मोजमापातून ज्ञानाकडे’ असे त्यांचे ब्रीद होते. प्रकृती नाजूक, छातीचा विकार जुना. पण चिकाटी मात्र विलक्षण. थंडीचे काम एकट्याचे नव्हे आणि एका उडीचेही नव्हे, हे त्यांनी पहिल्यापासून ओळखले. त्यांनी जणू थंडीचा जिनाच बांधला. पहिल्या पायरीवर एक वायू द्रव करायचा, त्याच्या गारव्याने दुसऱ्या पायरीवरचा वायू निववायचा, त्याच्या गारव्याने तिसरा. असे १८९४ पर्यंत ते द्रव प्राणवायूपर्यंत उतरले, आणि तोही थेंबथेंब नव्हे, तर कामाला पुरेल इतका.

एवढ्यात गावाने त्यांना अडवले. त्याचे कारण असे. १८०७ साली लायडेनच्या कालव्यात दारूगोळ्याने भरलेले जहाज फुटून गावाचा एक भाग उद्ध्वस्त झाला होता, आणि नेमक्या त्याच पडीक जागेवर पुढे ही प्रयोगशाळा उभी राहिली होती. तिथे दाबून भरलेल्या वायूंच्या टाक्या आहेत, हे कळल्यावर १८९५ साली नगरपालिका धास्तावली आणि काम बंद पडले. परवानगी मिळाली ती १८९८ साली. ओनेस ह्यांच्या बाजूने ज्यांनी पत्र लिहिले त्यांत त्यांचे प्रतिस्पर्धी ड्यूअरही होते. हे वाचून मला बरे वाटले. माणूस तापट असला म्हणून तो वाईटच असतो असे नाही.

गावच्या लोकांनाही मी दोष देणार नाही. ज्यांची घरे एकदा उडाली, त्यांनी भ्यायचे नाही तर कोणी?

हायड्रोजनच्या पायरीवर ड्यूअर १८९८ सालीच उभे होते. ओनेस तिथे पोचले १९०६ साली, म्हणजे आठ वर्षांनी मागाहून. पण ह्या आठ वर्षांत त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी माणसे तयार केली. काच फुंकणारे, पितळ कातणारे, नळ्या जोडणारे कारागीर बाहेर मिळेनात, म्हणून प्रयोगशाळेतच त्यांचे शिक्षण सुरू केले आणि १९०१ साली त्यासाठी संस्था काढली. ही मुले निळे डगले घालत, म्हणून त्यांना ‘निळे मुलगे’ म्हणत. काचकामाचे प्रमुख होते केसेलरिंग आणि यंत्रांचे प्रमुख होते फ्लिम. केलेले प्रत्येक काम ओनेस छापून जगाला वाटून टाकत. हेलियम लागला तेव्हा त्यांचे बंधू, जे सरकारी व्यापार कचेरीत होते, त्यांनी अमेरिकेतून मोनाझाइट वाळू मिळवून दिली. त्या वाळूतून हेलियम काढून, शुद्ध करून साठवण्याचे किचकट काम सहकाऱ्यांनी केले. धान्य निवडणे, पाखडणे, दळणे हे ज्या घरात वेळेवर होते, त्याच घरात सणाला पुरण शिजते, हे आपल्याला सांगायला नकोच.

१९०८ च्या आरंभी एक फजितीही झाली. हेलियम गोठला असे ओनेस ह्यांना दिसले आणि त्यांनी ड्यूअर ह्यांना तार करून कळवलेही. नंतर तपासता हेलियमात थोडा हायड्रोजन मिसळलेला होता आणि गोठला होता तो हायड्रोजन, असे निघाले. ओनेस ह्यांनी आपली चूक जाहीर कबूल केली आणि पुन्हा कामाला लागले. माझ्या हळदीकुंकवाच्या भाषणानंतर हा प्रसंग वाचून मला केवढा धीर आला म्हणून सांगू!

मग उजाडला १० जुलै १९०८ चा दिवस. आदल्या दिवशीच ७५ लिटर द्रव हवा तयार करून ठेवली होती. पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. दुपारी दीडपर्यंत २० लिटर द्रव हायड्रोजन जमला. हा टप्पा धोक्याचा. नळीत थोडीशी हवा शिरली तरी ती गोठून बसेल आणि सगळे व्यर्थ. चार वाजून गेल्यावर हेलियम यंत्रात फिरू लागला. ओनेस ह्यांना जागचे हलता येईना, हातही मोकळे नव्हते. तेव्हा त्यांच्या पत्नी बेट्सीबाई जेवण घेऊन तिथे आल्या आणि काम चालू असताना त्यांनीच त्यांना घास भरवले.

संध्याकाळ झाली. हायड्रोजनची अखेरची बाटली जोडली. तापमापकाचा काटा उतरता उतरता थांबला, तो पुढे जाईना. सर्वांना वाटले की प्रयोग फसला. इतक्यात काय चालले आहे ते पाहायला आलेले एक प्राध्यापक म्हणाले की, काटा थांबला आहे त्याअर्थी भांड्यात द्रव तर जमला नसेल? खालून दिवा धरून पाहा. साडेसातच्या सुमारास दिवा धरला आणि काय आश्चर्य! भांडे जवळजवळ भरलेले होते. हेलियमचा द्रव इतका पारदर्शक की, तो आहे हेच दिसत नव्हते. दिव्याच्या उजेडात त्याची कड चाकूच्या धारेसारखी काचेवर उमटली. हेलियम शून्याखाली २६९ अंशांवर द्रव होतो. तळापासून अवघे चार अंश! जमलेला द्रव सुमारे ६० घन सेंटीमीटर, म्हणजे आपल्या चहाच्या कपाच्या निम्म्याहूनही कमी. रात्री पावणेदहाच्या सुमारास यंत्रे थांबली. माणसेही यंत्रांइतकीच थकली असतील.

लंडनमध्ये ह्याचा परिणाम दुःखद झाला. अपयशाचे खापर ड्यूअर ह्यांनी लेनॉक्सवर फोडले. लेनॉक्स त्याच साली नोकरी सोडून गेला, आणि ड्यूअर जिवंत आहेत तोवर ह्या इमारतीत पाऊल ठेवणार नाही, अशी त्याने शपथ घेतली असे सांगतात. ज्या माणसाने ह्या कामापायी डोळा दिला, त्याच्या पदरात शेवटी हे पडले.

लायडेनला मात्र पुढची पंधरा वर्षे द्रव हेलियम करणारी जगातली एकमेव जागा म्हणून मान राहिला. ८ एप्रिल १९११ रोजी तिथे आणखी एक नवल घडले. पारा द्रव हेलियमात थंड केला, तर त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. वीज न अडखळता, न झिजता वाहू लागली. हिलाच अतिवाहकता म्हणतात. ओनेस ह्यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे मात्र मला ओनेस ह्यांच्याविषयीही एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. पाऱ्याचा विरोध मोजण्याचे काम खिल्लेस होल्स्ट नावाच्या तरुण मदतनिसाने केले होते. पण ह्या शोधाचे निबंध छापले गेले ते एकट्या ओनेस ह्यांच्या नावाने. होल्स्ट ह्यांनी पुढे आइंडहोव्हनच्या फिलिप्स कंपनीची प्रयोगशाळा नावारूपाला आणली, हे खरे. तरीपण पाऱ्याच्या शोधावर त्यांचे नाव राहिले नाही ते नाहीच. ज्या मोठ्या माणसाने इतकी माणसे घडवली, त्याच्याही हातून हे घडले. मग आपण साध्या माणसांनी तर अधिकच जपायला हवे.

ओनेस १९२६ च्या फेब्रुवारीत वारले. हेलियम गोठवायची त्यांची इच्छा अपुरी राहिली होती. ती त्यांचे शिष्य केसोम ह्यांनी त्याच साली लायडेनलाच पुरी केली. गुरू गेला तरी जिना उभा होता.

त्या जिन्याच्या पायऱ्या आजही उतरणे चालू आहे, आणि त्यात एक भारतीय नाव कायमचे कोरले गेले आहे. ढाक्याच्या विद्यापीठातले प्राध्यापक सत्येंद्रनाथ बोस ह्यांनी १९२४ साली आपला एक निबंध आइनस्टाइन ह्यांच्याकडे पाठवला. आइनस्टाइन ह्यांना तो इतका पसंत पडला की त्यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून छापवला आणि तो विचार पुढे नेला. त्यावरून असे निघाले की, थंडी पराकोटीला गेली तर कित्येक अणू आपापले वेगळेपण विसरून जणू एकच होऊन वागतील. टाळकरी पुष्कळ, पण ठेका एकच, असे म्हणा. ही गोष्ट डोळ्यांना दिसायला मात्र सत्तर वर्षे लागली. ५ जून १९९५ रोजी अमेरिकेतल्या बोल्डर गावी कॉर्नेल आणि वीमन ह्यांनी रुबिडियम धातूचे सुमारे दोन हजार अणू इतके थंड केले की ते खरोखरच असे एकरूप झाले. एका अंशाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतले सुमारे १७० भाग एवढीच उष्णता त्यांत उरली होती.

ही थंडी कशी आणली, ते कळल्यावर मला हसू आले. आधी लेसर किरणांनी अणूंचा वेग कमी करायचा. मग जे अणू अधिक चपळ, म्हणजे अधिक गरम, त्यांना बाहेर निसटू द्यायचे. मागे उरतात ते शांत, गार. आपण बशीत चहा ओतून फुंकर मारतो, किंवा मातीच्या माठातले पाणी पाझरून आतले पाणी गार होते, तेच हे तत्त्व! आपल्या आज्यांना हे नाव घेऊन सांगता आले नसते, पण माठ कुठे ठेवायचा ते त्यांना पक्के ठाऊक होते.

२००३ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेत सोडियमचे अणू ह्याहूनही खाली नेले. आणि २०२१ साली जर्मनीतल्या ब्रेमेन शहरी १४६ मीटर उंच मनोऱ्यात शास्त्रज्ञांनी अख्खा प्रयोगच वरून खाली पडू दिला. पडताना वजन नाहीसे होते, त्यामुळे अणूंचा ढग हळुवार पसरतो आणि थंडावतो. एका अंशाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतले ३८ भाग एवढीच उष्णता त्या रुबिडियमच्या अणूंत राहिली. हा उच्चांक म्हणावा की नीचांक, हे मला कळत नाही! आणि तरीही तळ शिल्लकच आहे.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. गेल्या वर्षी आमच्या घरातल्यांच्या पाठीच्या दुखण्यासाठी एम.आर.आय. काढावे लागले. दाराबाहेर बसून मी त्या यंत्राची धडधड ऐकत होते. त्या वेळी मला ठाऊक नव्हते की, अशा बहुतेक यंत्रांच्या पोटात मोठे लोहचुंबक द्रव हेलियमात बुडवलेले असते आणि त्यातून वीज विनाविरोध फिरत असते. लायडेनच्या त्या अर्ध्या कपाची आणि होल्स्टने मोजलेल्या पाऱ्याची ती परतफेड आहे. शस्त्र न लावता शरीराच्या आतले दिसते आणि कितीजणांचे निदान वेळेवर होते.

भगिनींनो, लेख लांबला. शेवटी एकच मागणे मागते. ह्या गोष्टीत मोठी नावे आहेतच, ती असावीतच. पण मला त्यांच्यामागचे हात दिसत राहिले. डोळे गमावलेले लेनॉक्स आणि हीथ, काच फुंकणारे केसेलरिंग, निळ्या डगल्यातली मुले, घास भरवणाऱ्या बेट्सीबाई, आणि नाव न छापलेला होल्स्ट. आपल्या मंडळाच्या इतिवृत्तात अध्यक्षाबाईंची आणि पाहुण्यांची नावे दरवर्षी येतात. पण ज्यांनी वर्षानुवर्षे कार्यक्रमाआधी सतरंज्या घातल्या आणि कार्यक्रमानंतर उचलल्या, पन्नास बायकांचा चहा केला, वर्गणीसाठी उन्हात दारे ठोठावली, त्यांची नावे आपण कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांतल्या काही आज आपल्यांत नाहीत. ज्या आहेत त्यांना विचारून, आठवून, ह्या वर्षीच्या इतिवृत्ताला एक पान जोडावे. माझे अक्षर बरे आहे. लिहून काढण्याचे काम मी आनंदाने करीन, आणि ह्या खेपेला साल दोनदा तपासून घेईन.